सिंधुरक्षक: दोष बॅटरीचा की शस्त्रांचा?
मुंबईच्या नौदल गोदीत १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर स्फोट होऊन ‘आयएनएस सिंधुरक्षक’ पाणबुडी बुडाली, १८ नौसैनिक गेले. २०१० मध्ये विशाखापट्टणमला हिच्याच बॅटरी-कक्षात आग लागून एक नौसैनिक दगावला होता, म्हणून अनेकांनी लगेच बॅटरीला दोष दिला. मला ते पटत नाही. विध्वंस पुढच्या, टॉर्पेडोंच्या भागात झाला. शिवाय त्या आगीनंतर रशियातून मोठी दुरुस्ती होऊन ही पाणबुडी स्फोटाच्याच वर्षी परतली होती. कुणी विचारेल, २०१४ मध्ये सांगाडा वर काढला, मग ठाम उत्तर का नाही? असा स्फोट पुरावाही जाळतो, आणि आतला एकही जण सांगायला उरला नाही. चौकशीचे निष्कर्ष जाहीर करण्यात गुप्ततेची अडचण खरीच. पण शस्त्रांचा तपशील झाकून ते लोकांपुढे ठेवता येतात.