मुलांच्या तोंडातील गाठी : आधी ओळख, मग शस्त्रक्रिया

मुलाच्या तोंडात काही वेगळे वाढलेले दिसले की घरातील सर्वांची झोप उडते. इंदुरात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हे मी अनेकदा अनुभवले आहे. पालकांचे प्रश्न दोनच असतात. 'डॉक्टर, हा कॅन्सर तर नाही ना?' आणि 'ऑपरेशन करावे लागेल का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असेच असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मुलाचे वय, गाठीची जागा आणि तिचा स्वभाव पाहूनच देता येते. तोंडातील लहानशी गाठ काढणे हे कुशल शल्यचिकित्सकाला फारसे कठीण नसते; ती काढावी की नाही, याचा निर्णय अधिक कठीण असतो.

कापू नयेत अशा गाठी

नवजात बाळाच्या टाळूवर मधोमध किंवा हिरड्यांवर मोत्यांसारखे पांढरे दाणे अनेकदा दिसतात. प्राग येथील बालरोगतज्ज्ञ एप्स्टाइन यांनी 1880 मध्ये टाळूवरील दाण्यांचे वर्णन केले. त्यांचेच नाव त्यांना मिळाले आहे. गर्भावस्थेत टाळू सांधला जाताना अडकून राहिलेल्या पेशींमुळे ते तयार होतात आणि काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. त्यांना औषध नको, मध नको आणि नखाने किंवा कापडाने खरवडणे तर मुळीच नको. खरवडल्याने कोवळ्या त्वचेला जखम होते व जंतुसंसर्गाला वाट मिळते.

दात येण्यापूर्वी हिरडीवर निळसर फुगवटा येतो, तोही असाच निरुपद्रवी. दात वर येताच तो फुटून जातो.

क्वचित एखादे बाळ दात घेऊनच जन्माला येते. वरचे दात आधी आले तर मामाला वाईट, असे मानणारी आजी अशा वेळी अधिकच अस्वस्थ होते. प्रत्यक्षात हे दात बहुधा खालचे पुढचे आणि खरे दुधाचेच असतात. केवळ वेळेआधी आलेले. म्हणून घट्ट असलेला दात राहू द्यावा. तो फारच हलत असेल व श्वासमार्गात जाण्याची भीती असेल, किंवा जिभेखाली जखम होऊन बाळाचे दूध पिणे थांबत असेल, तरच काढण्याचा विचार करावा. त्यापूर्वी बाळाला जन्मानंतर व्हिटॅमिन 'के'चे इंजेक्शन मिळाले आहे याची खात्री करून घ्यावी. अन्यथा रक्तस्राव थांबवणे अवघड होऊ शकते.

शस्त्रक्रियेने बऱ्या होणाऱ्या गाठी

शाळकरी मुलांत खालच्या ओठाच्या आतील बाजूस पाणी भरल्यासारखी निळसर, मऊ गाठ दिसते. तिला म्यूकोसील म्हणतात. ओठ चावल्याने सूक्ष्म लाळग्रंथीची नलिका फुटते आणि लाळ भोवतालच्या ऊतींत साठते. ही गाठ फुटते, बरी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा भरते. सुईने टोचल्यास तेच होते, कारण मूळ ग्रंथी जागेवरच राहते. काही गाठी आपोआप जातात. परंतु वारंवार भरणारी गाठ तिच्या ग्रंथीसह काढणे हाच टिकाऊ उपाय आहे.

जिभेखाली एका बाजूस होणाऱ्या अशाच मोठ्या गाठीस रॅन्यूला म्हणतात. लॅटिनमध्ये 'राना' म्हणजे बेडूक. बेडकाच्या फुगलेल्या गळ्याशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले. केवळ तोंड उघडून पाणी काढलेली गाठ अनेकदा परत येते. जिभेखालील लाळग्रंथी काढल्यास तो धोका बराच कमी होतो. मात्र तेथूनच जिभेची संवेदना वाहणारी मज्जातंतू आणि दुसऱ्या लाळग्रंथीची नलिका जाते. म्हणून ही शस्त्रक्रिया अनुभवी हातांनीच व्हावी.

जन्मतःच हिरडीवर, बहुधा वरच्या, लोंबणारा गुलाबी गोळा दिसणे दुर्मीळ असते. मुलींमध्ये त्याचे प्रमाण पुष्कळ अधिक आहे. तो मोठा असेल तर दूध पिणे व श्वास यांना अडथळा होतो, म्हणून लवकर काढावा लागतो. तो काढल्यावर पुन्हा येत नाही, हे पालकांना आवर्जून सांगावे.

फसवणाऱ्या गाठी

ओठावर किंवा जिभेवर लाल-जांभळी, दाबल्यावर फिकी पडणारी गाठ रक्तवाहिन्यांची असू शकते. जन्मानंतर काही महिने ती झपाट्याने वाढते व पुढे काही वर्षांत ओसरते. 2008 मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल या हृदयविकाराच्या जुन्या औषधाचा गुण येथे दाखवून दिला. तेव्हापासून अशा अनेक बाळांची शस्त्रक्रिया टळली आहे. हे औषध मात्र तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावे लागते.

सर्वांत सावध राहावे ते जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठीबाबत. थायरॉइड ग्रंथी गर्भात तेथेच तयार होते आणि मग मानेत उतरते. काही मुलांत ती उतरतच नाही. काही वर्षांपूर्वी नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली. गाठ काढण्याची तारीख दुसरीकडे ठरली होती. पालक केवळ तापासाठी आले होते. तिची उंची वयाच्या मानाने बरीच कमी होती, म्हणून मी रक्ततपासणी व स्कॅन करून घेतले. मानेत थायरॉइड नव्हतीच. जिभेवरची ती 'गाठ' हीच तिची एकमेव ग्रंथी होती. ती काढली असती तर शरीरात उरलेला थोडा आधारही गेला असता. थायरॉक्सिनच्या गोळीने गाठ लहान झाली व तिची उंची वाढू लागली. जे आपल्याला जास्तीचे वाटते, ते मुलाजवळ असलेले एकमेव असू शकते.

शस्त्रक्रिया ठरल्यावर

पूर्ण भूल द्यायची असेल तर बाळाला किती तास आधी दूध बंद करायचे, हे भूलतज्ज्ञांनी सांगितल्याप्रमाणे काटेकोर पाळावे. 'थोडेसेच पाजले' हे लपवणे जीवघेणे ठरू शकते. जागेवर भूल दिल्यास बधिर ओठ मूल नकळत चावते, म्हणून भूल उतरेपर्यंत काही खाऊ देऊ नये व लक्ष ठेवावे. नंतर दोन-तीन दिवस थंड, मऊ अन्न द्यावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

तोंडातून काढलेली प्रत्येक गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवून पॅथॉलॉजी तपासणीस पाठवावी, असा माझा सर्व सहकाऱ्यांना आग्रह आहे. मुलांत दुष्ट गाठी विरळ असतात, पण असतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, झपाट्याने वाढणारी कठीण गाठ, वय नसताना हलू लागलेले दात किंवा मानेत वाढणाऱ्या गाठी यांपैकी काहीही दिसल्यास वाट पाहू नये.

पालकांनी मुलाच्या तोंडात महिन्यातून एकदा तरी उजेडात पाहावे. काही दिसले तर त्याला हात न लावता दाखवायला आणावे आणि शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास 'ही नेमकी कसली गाठ आहे?' असे निःसंकोच विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देणे हे आम्हा डॉक्टरांचे कर्तव्य आहे.