जोरात टाकतो, पण टिकेल का?

मालवणच्या बोर्डिंग मैदानावर प्रकाशझोतातली टेनिस क्रिकेट स्पर्धा रंगात आलेली असते. पंधरा-सोळा वर्षांचा एखादा पोरगा लागोपाठ यॉर्कर टाकून यष्ट्या उडवतो आणि कुंपणाजवळ तिथल्या तिथे निकाल लागतो, "बॉल दिसलोच नाय रे! ह्येका मुंबयक धाडूक होयो." दोन वर्षांनी तो पोरगा कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. बहुधा तो कुडाळ-कणकवलीच्या स्पर्धांत पैसे घेऊन एकेक रात्र खेळत असतो, नाहीतर कंबर धरून घरी बसलेला असतो.

अशा पोराला जोखायचं कसं, याचं सर्वांत शिस्तीचं उत्तर बेसबॉलवाल्यांकडे आहे. त्यांचे निवडकर्ते पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, प्रत्येक कौशल्याला २० ते ८० गुण देतात. ५० म्हणजे अव्वल अशा मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. खरी मेख पुढे आहे. प्रत्येक कौशल्यापुढे ते दोन आकडे लिहितात, एक आजचा आणि एक पुढे होऊ शकेल असा. आपण नेमका पहिलाच आकडा पाहतो आणि त्यालाच दुसरा समजतो.

बेसबॉलवालेही चुकत नाहीत असं नाही. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा भारतात भरली. स्पीडगन लावून कोण किती जोरात आणि नेमका फेकतो, एवढंच पाहायचं होतं. भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्यातून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाने दोघांशी करार केला. दिनेश लवकर परतला. रिंकू काही वर्षं खालच्या लीगांत खेळला, मग कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मेजर लीग राहून गेली. स्पीडगनने त्यांचा हात अचूक मोजला होता, पण त्या हाताला सवय कशाची आहे आणि कोपर किती सोसेल, हे तिला कसं कळणार?

आता आपल्या पोराकडे वळू. कोकणात खांद्याचं कौतुक फार. पण वेग येतो तो धावेतून, पुढच्या पायाच्या टेकूतून आणि धडाच्या झटक्यातून. खांदा शेवटी येतो. म्हणून आधी पुढचा पाय पाहावा. चेंडू सुटताना गुडघा ताठ राहत असेल तर धावेचा जोर वर चढून हातात उतरतो. गुडघा दुमडत असेल आणि तरीही पोरगा वेगवान असेल, तर त्याच्याकडे अजून न वापरलेला वेग आहे. दुसरा आकडा वाढवून लिहावा तो इथे! मात्र पाय टेकतो त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक भार त्यावर येतो, तेव्हा ताठ पाय कमावलेल्या मांड्यांशिवाय शिकवू नये.

मग कंबर आणि खांदे. दोन्ही फलंदाजाकडे तोंड करून असतील तर चालतं, दोन्ही आडवे असतील तरी चालतं. कंबर समोर आणि खांदे आडवे, अशी सरमिसळ असेल तर पाठीला पीळ बसतो. किशोरवयीन वेगवान गोलंदाजांच्या कंबरेच्या मणक्याला बारीक तडा जातो, त्यामागे हे मोठं कारण मानलं जातं. आणि कोपर: टाकताना ते १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. गावच्या स्पर्धेत फेकी चेंडूकडे काणाडोळा होतो, निवड चाचणीत होत नाही.

टेनिस बॉलने काय मिळतं आणि काय लपतं? त्याचं वजन साठ ग्रॅमच्या आत, सीझन बॉलचं १५६ ते १६३. हलका चेंडू हवेत लवकर मंदावतो, म्हणून तो सतत जोरात टाकणाऱ्याचा हात चपळ असतोच. यॉर्कर, हळू चेंडूची फसवणूक, मार खाऊनही पुन्हा टाकायला येण्याची छाती, हे सगळं पुढे कामाला येतं. शिवण मात्र टेनिस बॉलला नाही. मनगट चेंडूमागे सरळ आहे का, सहाव्या षटकातही टप्पा तोच राहतो का, हे दोन षटकांच्या स्पेलमध्ये कधीच दिसत नाही. माझ्या मते सीझन बॉल हातात दिल्याशिवाय कोणाही पोराबद्दल मत देऊ नये.

टेनिसवाला उशिरा आला म्हणून संपला, असंही नाही. खापरखेड्याच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव विशीच्या आसपास सीझन बॉलकडे वळला. २००८ मध्ये विदर्भाकडून रणजी आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. विदर्भाचा कर्णधार प्रीतम गंधे याने त्याची बाजू लावून धरली, हेही तितकंच महत्त्वाचं. श्रीरामपूरचा झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईत आला, सुधीर नाईक यांच्या हाताखाली तयार झाला, टी. ए. शेखर यांच्या नजरेत भरून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला. रणजीची सुरुवात त्याने बडोद्याकडून केली. सिंधुदुर्गातल्या पोराला महाराष्ट्र संघाची वाट पुण्यावरून आहे. चाचणीत मोजके चेंडू मिळतात, आणि रात्रभराच्या प्रवासाने आखडलेल्या पाठीने टाकलेल्या त्या चेंडूंवरून दुसरा आकडा ठरवणं हा जुगार आहे.

वयाचा घोळ वेगळाच. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटलेला पोरगा बरोबरीच्यांना भारी पडतो, तो बऱ्याचदा फक्त लवकर वाढलेला असतो. शेजारचा किडकिडा, लांब हातांचा, आई-वडील उंच असलेला मुलगा सतराव्या वर्षी त्याच्यापुढे जाऊ शकतो. उंची झपाट्याने वाढते त्या काळात लय बिघडते. तेव्हा नाव कापण्याऐवजी वाट पाहावी.

अमेरिकेत तेरा-चौदा वर्षांच्या पिचरने दिवसाला ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्यास चार दिवस विश्रांती घ्यावी, असा दंडक आहे. बॉलिंग आणि पिचिंग एक नव्हे, पण मोजण्याची सवय उचलण्यासारखी आहे. दोन षटकांचे पाच सामने म्हणजे साठ चेंडू, आणि लगेच दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर मैदान पाण्याखाली. भातकापणी झाली, कुणगे मोकळे झाले की चार महिने रिकामा असलेला हात एकदम सुटतो. अशा अचानक वाढलेल्या भाराचा भोग बऱ्याचदा तीन-चार आठवड्यांनी निघतो, त्यामुळे डिसेंबरातलं दुखणं कुणी नोव्हेंबरशी जोडत नाही.

स्पीडगन नाही म्हणून अडत नाही. शाळेच्या क्रीडाशिक्षकाने फोन स्लो मोशनवर, सेकंदाला २४० फ्रेमवर, बाजूने लावावा आणि पोराला सीझन बॉलने फुलटॉस टाकायला सांगावं. एका पॉपिंग क्रीजपासून दुसऱ्या पॉपिंग क्रीजपर्यंत सुमारे १७.७ मीटर. त्याला १४४ फ्रेम लागल्या तर सरासरी वेग ताशी १०६ किलोमीटर. हातातून सुटतानाचा वेग याहून थोडा जास्त. त्याच चित्रफितीत गुडघा, कंबर, खांदे, कोपरही दिसतं. ही मोजणी नोव्हेंबरात करावी, मार्चमध्ये करावी आणि उंचीसकट वहीत लिहावी. पुण्याला चाचणीला जाताना ती वही पोराच्या बॅगेत असावी.