टायर घेताना नक्षी मागाहून, आधी तारीख पाहा



उसाचे शेवटचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात जुन्या चारचाकी गाड्यांची चौकशी सुरू होते. त्यातही "मुंबईची गाडी आहे, कमी चाललेली" असे कोणी म्हटले की अर्धा सौदा तिथेच ठरतो. म्हणून या अंकात लागण, खोडवा बाजूला ठेवून टायरविषयी चार गोष्टी सांगत आहोत. त्या आम्ही पुस्तकातून कमी आणि रस्त्यावर जास्त शिकलो.

आमच्या गटातील एका सभासदांचे मावसभाऊ मुंबईत गिरगावला खोताच्या वाडीत राहतात. वाडी म्हणजे दोनशे वर्षांहून जुनी वस्ती. खोतांच्या नावावरून तिला खोताची वाडी म्हणतात. लाकडी व्हरांड्यांची, बाहेरून जिने असलेली ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांची घरे तिथे आहेत. पूर्वी पुष्कळ होती, आता थोडी उरली. बोळ इतके अरुंद की मोटार आत नेण्याची सोयच नाही. मावसभावांची गाडी त्यामुळे नऊ वर्षे बाहेर मोठ्या रस्त्याच्या कडेला उभी. आठ-आठ दिवस हलायची नाही. ती गाडी सभासदांनी घेतली आणि एप्रिल २०२५ च्या अखेरीस आणायला आम्हीही सोबत गेलो. मीटरवर किलोमीटर तेवीस हजार. मावसभाऊ म्हणाले, "टायर बघ की, केससुद्धा गेले नाहीत अजून!" खरेच, कडेचे रबराचे बारीक केस तसेच होते आणि नक्षीही खोल होती. आम्हीसुद्धा माना डोलावल्या.

निघताना हवा तपासली. हवा भरणारा म्हणाला, "उन्हाळा आहे साहेब, हवा जरा कमीच ठेवा, गरम होऊन फुगते." ३३ पौंडाऐवजी २६ पौंड ठेवली. एक्स्प्रेस वे, पुणे, खंबाटकी घाट सगळे नीट पार पडले आणि दुपारी दोनच्या सुमारास साताऱ्याच्या अलीकडे मागचे डावे चाक फुटले. बंदुकीचा बार झाल्यासारखा आवाज झाला. गाडीचा वेग नव्वदच्या आत होता आणि डाव्या बाजूला मोकळी जागा होती म्हणून आम्ही हा मजकूर लिहू शकत आहोत.

स्टेपनी चढवताना फाटलेल्या टायरची बाजू निरखली. तिथे बारीक बारीक चिरा होत्या, भेगाळलेल्या काळ्या रानासारख्या. आणि एका लांबट चौकटीत चार आकडे होते: २११६. म्हणजे २०१६ सालच्या एकविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. हे चार आकडे प्रत्येक टायरच्या बाजूवर असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. कधी कधी ते आतल्या बाजूस जातात, तेव्हा वाकून बघावे लागते. लाज वाटू देऊ नका.

रबर दोन प्रकारांनी संपते. आपल्या गाड्या रोज तालुक्याला, कारखान्यावर, रानात पळतात. त्यांचे टायर झिजून गोटा होतात आणि गोटा झालेला टायर डोळ्यांना दिसतो. शहरात उभ्या राहणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, तो वाळतो. ऊन, हवा आणि उष्णता यांनी रबर कडक होते, चिवटपणा जातो, आतल्या थरांची पकड सुटते. वरून नक्षी मात्र नव्यासारखी. पाच वर्षे झाली की टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असो, तो मोटारीवर ठेवू नये. आपल्याकडच्या उन्हात आम्ही सहा-सात वर्षांनाच हिशेब मिटवू.

आपल्यापैकी बहुतेकांची टायरशी पहिली ओळख टायरगाडीची. ट्रकचा उतरलेला टायर टायरगाडीला आणखी कितीतरी हंगाम पुरतो हे आपण पाहिले आहे. त्यामुळे "जुना टायर म्हणजे वाया टायर नव्हे" हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे. पण बैलाची चाल कुठे आणि तासाला शंभर किलोमीटर कुठे! टायर जितका जोरात फिरतो तितक्या वेळा तो दबतो आणि सुटतो, आणि या दबण्या-सुटण्यातूनच उष्णता तयार होते. हवा कमी असेल तर तो जास्त दबतो आणि जास्त तापतो. म्हणजे उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची ही समजूत नेमकी उलटी आहे. तापल्यावर हवेचा दाब तीन-चार पौंडांनी वाढतो, तो धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीजवळ चिकटवलेला असतो. सकाळी टायर थंड असताना तेवढी हवा भरावी, आणि वाटेत गरम टायरमधून हवा काढू नये.

हवेचा हा हिशेब पावसातही लागतो. १९६३ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने विमानाच्या चाकांसाठी एक सूत्र काढले. चाकाखाली पाणी इतके साचले की नक्षीला ते बाहेर टाकता येईना, तर कोणत्या वेगाला चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते, हे त्यावरून कळते. त्या सूत्राने ३३ पौंड हवा असेल तर तासाला सुमारे ९५ किलोमीटर आणि २५ पौंड असेल तर सुमारे ८३ किलोमीटर येतात. मोटारीला ते अगदी तंतोतंत लागू पडेल असे नाही, पण दिशा तीच. हवा कमी ठेवली की गाडी लवकर तरंगते, आणि तरंगली की ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही नावापुरते उरतात. त्या साली २६ मे रोजीच पाऊस मुंबईत पोहोचला. म्हणजे आमचा टायर उन्हाने फुटला त्याला महिनाही झाला नव्हता, तोवर पावसाचा प्रश्न उभा राहिला.

नक्षीच्या खाचांत तळाशी लहान आडव्या पट्ट्या असतात. नक्षी झिजून पट्ट्यांना टेकली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली. मोटारीला कायद्याने चालणारी शेवटची हद्द ती. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र तीन मिलिमीटरच्या खाली आलेला टायर बदललेला बरा. पाणी खाचांतून बाहेर जाते. खाच उथळ झाली की ते जाणार कुठे? पाटात गाळ साचला की पाणी बांधावरून फुटते, तसेच हे.

आता पैशाचे. स्वस्त म्हणजे काय, ते आधी ठरवू. समजा एक टायर ४,००० रुपयांचा आणि ४०,००० किलोमीटर चालणारा; दुसरा ३,२०० चा आणि २५,००० चालणारा. पहिला किलोमीटरला दहा पैसे पडतो, दुसरा जवळजवळ तेरा. दुकानात दुसरा स्वस्त दिसतो एवढेच. फार रुंद टायरही नको. दिसतो रुबाबदार, पण पाण्यावर लवकर तरंगतो आणि किंमतही जास्त. गाडीबरोबर जो आकार आला तोच घ्यावा. उदाहरणार्थ १६५/८० आर १४ ८५ टी: १६५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ८० टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, १४ इंची रिंग. ८५ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरवर ५१५ किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराच्या आकड्यात कधी खाली उतरू नका. आपल्या गाडीत माणसे मावतात तितकी बसतात आणि वर धान्याची पोतीही असतात.

आयएसआयचा शिक्का पाहावा. काही टायरांवर इंग्रजीत 'ट्रॅक्शन' आणि 'टेम्परेचर' लिहून पुढे ए, बी, सी अशी अक्षरे असतात. पहिले अक्षर ओल्या रस्त्यावरील पकडीचे, दुसरे उष्णता सोसण्याचे. दोन्ही ठिकाणी ए असेल तर आपल्या कामाचा टायर. रिमोल्ड टायर ट्रेलरला ठीक, मोटारीला आम्ही घालणार नाही. ऐपत दोनच नव्या टायरांची असेल तर ते मागे घालावेत. पुढे घालण्याची रीत आहे खरी, पण ओल्या रस्त्यावर मागचे चाक घसरले तर गाडी गर्रकन फिरते आणि भल्याभल्यांना सावरत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरच्या टायरवरील १८ वरून ५ टक्क्यांवर. दुकानदार जुन्या दराचा भाव सांगत असेल तर पक्के बिल मागा. आमच्या सभासदांना मात्र मे महिन्यातच चार टायर घ्यावे लागले, तेही २८ टक्के भरून. त्यांनी दुकानात एकेका टायरची तारीख वाचून दाखवायला लावली. दुकानदाराने आधी काढलेले दोन टायर दोन वर्षांपूर्वीचे निघाले, ते परत ठेवायला लावून त्याच सालचे घेतले. उतरवलेले जुने टायर त्यांनी गोठ्याच्या पत्र्यावर वजनाला ठेवले आहेत. फुटलेला तेवढा आम्ही मागून घेतला. कोणाला चिरा आणि तारीख प्रत्यक्ष पाहायची असेल तर तो शेती खात्याच्या ओसरीवर ठेवला आहे.