लहान महाविद्यालय आणि पदवीपूर्व विज्ञानसंशोधन : रत्नागिरीच्या भरतीचे एक उदाहरण

विज्ञानातील संशोधन पदव्युत्तर शिक्षणानंतर आणि मोठ्या नगरातील सुसज्ज प्रयोगशाळेतच सुरू होते, असा समज आपल्या शिक्षणव्यवस्थेत दृढमूल झाला आहे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी बी.एस्सी.चा अभ्यास करणारा विद्यार्थी प्रयोग करतो खरा; परंतु त्या प्रयोगांची उत्तरे आधीच्या तुकडीच्या प्रयोगवहीत लिहिलेलीच असतात. ज्याचे उत्तर अध्यापकालाही ठाऊक नाही, असा प्रश्न त्याच्यापुढे क्वचितच येतो. प्रयोगाच्या तासाला हात तयार होतो. संशोधनात शंका घेण्याची सवय तयार होते. या दोहोंतील भेद लक्षात घेतल्यावाचून पदवीपूर्व संशोधनाचा विचार करता येणार नाही.

या स्थितीचे मूळ इतिहासात आहे. इ. स. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाची घडण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर झाली. महाविद्यालयांनी शिकवावे आणि विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, अशी ती योजना होती. पुढे ज्ञाननिर्मितीचे काम स्वतंत्र संस्थांकडे गेले. १९४५ साली रत्नागिरी एज्युकेशन सोसायटीने रत्नागिरीत महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय होय. त्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था जन्मास आली. १९५० मध्ये पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. अध्यापन आणि संशोधन असे दोन मार्गांनी चालू लागले.

अमेरिकेतील लहान महाविद्यालयांनी या बाबतीत वेगळी वाट धरली. तेथे पदव्युत्तर विभाग नसतात, म्हणून संशोधक विद्यार्थीही नसतात. परिणामी अध्यापकाचा सहकारी होण्याची संधी पदवीच्याच विद्यार्थ्यास मिळते. अशा महाविद्यालयांतील काही रसायनशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये पदवीपूर्व संशोधनासाठी एक परिषद स्थापन केली. जी उणीव मानली जात होती तिचाच त्यांनी उपयोग करून घेतला. तेथील साधनसंपत्ती आपल्याकडे नाही, हे खरे. तथापि त्यामागील तत्त्व येथेही लागू पडते की नाही, हे एखाद्या स्थानिक उदाहरणावरून तपासून पाहता येईल.

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास; पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. या आडाख्यात तिथीमागे ४५ मिनिटे धरली आहेत. परंतु चांद्रमासाच्या ३० तिथींत भरतीची वेळ २४ तासांचे एक पूर्ण चक्र पुरे करते. म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे, जुन्या मापाने दोन घटिका, इतका फरक पडावयास हवा. ही ३ मिनिटांची तूट पंधरवड्यात ४५ मिनिटांची होते. पौर्णिमेस सव्वाअकरा आणि प्रतिपदेस पाऊण, अशी एकाच तिथीत दीड तासाची उडी तेथे दिसते. निसर्गाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरतीच्या वेळा सरासरीहून कमी पुढे सरकतात आणि भांगाच्या दिवसांत अधिक. सूर्य व चंद्र यांच्या आकर्षणांच्या संयोगाने हे घडते. आडाखा जेथे सर्वांत मोठी उडी घेतो, तेथेच समुद्राचे पाऊल सर्वांत लहान असते.

मग आडाखा टाकाऊ ठरतो काय? तो कोणत्या तिथींना किती मिनिटांनी चुकतो आणि तरीही व्यवहारात का पुरला, हा प्रश्न रत्नागिरीपुरता सोडविण्यास मोठे यंत्र लागत नाही. भाट्ये खाडीच्या काठी सेंटीमीटरच्या खुणा केलेली एक पट्टी, घड्याळ आणि पंचांग एवढी सामग्री पुरे. भरतीच्या माथ्याशी पाणी काही काळ जवळजवळ स्थिर राहते. त्यामुळे नेमकी वेळ डोळ्यांनी ठरविता येत नाही. यासाठी माथ्याच्या आधी व नंतर दर दहा मिनिटांनी पातळी नोंदवावी, समान पातळीच्या दोन वेळांचा मध्य काढावा आणि तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकांशी ताडून पाहावा. दोन चांद्रमासांच्या, म्हणजे सुमारे ५९ दिवसांच्या नोंदींतून आडाख्याची चूक आलेखावर उतरेल.

येथून पुढचे प्रश्न आपोआप निघतात. काजळी नदीच्या खाडीत आत गेल्यावर भरती किती उशिरा पोहोचते? पावसाळ्यात नदी फुगली असता त्यात काय फरक पडतो? खारे पाणी कोठवर चढते, हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास क्लोराइडच्या अनुमापनाने ठरविता येते. ही कृती बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेस नवी नाही. त्याच ठिकाणी कालवे आणि तिसऱ्या कोठे दाट व कोठे विरळ आहेत, याची गणना प्राणिशास्त्राचा विद्यार्थी करू शकतो. किनाऱ्यावरील महाविद्यालयास असे स्थळ नित्य उपलब्ध आहे. दूरच्या संशोधकास तेथे वर्षभर मुक्काम करणे सहसा परवडत नाही.

अडचण वेगळीच आहे. विद्यार्थी वर्ष-दोन वर्षांत निघून जातो आणि त्याची वहीही त्याच्याबरोबर जाते. पुढची तुकडी पुन्हा आरंभापासून सुरुवात करते. म्हणून नोंदवही विद्यार्थ्याची नसून विभागाची असावी. पट्टीची जागा, शून्याची खूण आणि नोंदीची रीत तीत स्पष्ट लिहिलेली असावी. अशी वही दहा वर्षे टिकली, तर प्रत्येक तुकडीचे लहानसे काम मोठ्या कामाचा अंश होईल.

बाहेरच्या संधी आहेतच. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. देशातील विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्या आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धा याही परिचित आहेत. परंतु शिष्यवृत्तीचा लाभ निवडक विद्यार्थ्यांना मिळतो आणि स्पर्धेत मांडावयाचे काम आधी कोठेतरी व्हावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याने या प्रश्नास निकड आणली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी घेता येते. तीत १२ श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प आहे. हे वर्ष गावच्या महाविद्यालयात पुरे करता आले नाही, तर मुंबई-पुण्याचा निवासखर्च ज्याच्या घराला झेपेल त्यालाच हा मार्ग मोकळा राहील. मच्छीमाराच्या वा बागायतदाराच्या मुलीने गुण मिळवूनही तिची निवड खर्चावर ठरेल. ज्या खाडीची भरती ती लहानपणापासून पाहत आली, तिच्याविषयी पहिला शास्त्रीय प्रश्न विचारण्याची सोय तिच्याच महाविद्यालयात असणे, हे लहान महाविद्यालयांच्या विज्ञानविभागांचे आजचे कर्तव्य ठरते. त्याचा आरंभ एका पट्टीने आणि एका वहीने करता येईल.