वाट, पायऱ्या आणि थांबा

प्रवासाला निघण्यापूर्वी दवाखान्यात येणारे ज्येष्ठ रुग्ण बहुधा एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, झेपेल ना?" रक्तदाब मोजून, छाती तपासून मी आजवर 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देत आलो. गेल्या हिवाळ्यात माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने हाच प्रश्न मला घरी विचारला आणि उत्तर देण्यात मी चुकलो. ती चूक आपल्याकडून होऊ नये, म्हणून हा लेख.

माझे वडील इतिहासाचे शिक्षक होते. त्यांच्यासोबत आईने भाजे, बेडसे, जुन्नर, अजिंठा अशी कितीतरी लेणी पाहिली होती. मात्र या लेण्यांतून भिक्खू निघून गेल्याला शतके लोटली. जिथे अजूनही कोणी राहते, दिवा लावते, असे एखादे लेणे पाहावे ही तिची जुनी इच्छा. वडिलांच्या माघारी ती तिने एकदाच बोलून दाखवली आणि आम्ही थायलंडची तिकिटे काढली.

डोंगरातला विहार

उत्तर थायलंडमधील चियांग माई शहरापासून साधारण ७० किलोमीटरवर चियांग दाओ हे गाव आहे. गावामागे दोन हजार मीटरहून उंच असा चुनखडीचा डोंगर आणि त्याच्या कुशीत, दाट झाडीत 'वाट थाम फा प्लाँग' हा विहार. थाई भाषेत 'वाट' म्हणजे विहार आणि 'थाम' म्हणजे गुहा. आईने नाव ऐकले आणि ती हसून म्हणाली, "वाट चाला आणि थांबा, असंच सांगतायत की!" त्या वेळी मी ते विनोदावारी नेले.

आपली लेणी माणसांनी कातळ फोडून कोरली. येथील गुहा पाण्याने चुनखडी विरघळवून हजारो वर्षांत घडवल्या. प्रयोजन मात्र एकच : पावसाळ्यातील वास्तव्य आणि एकान्त. आचार्य मुन (१८७०–१९४९) यांनी रुजवलेल्या अरण्यवासी परंपरेतील भिक्खू रानावनांत, गुहांत राहून ध्यान करीत. त्यांचे शिष्य लुआंग पू सिम (१९०९–१९९२) यांनी या गुहेत वास्तव्य केले. 'लुआंग पू' म्हणजे आदरणीय आजोबा. वृद्ध भिक्खूंना तेथे अशा नात्याने हाक मारतात, हे आईला फार आवडले.

गुहेपर्यंत सुमारे ५०० पायऱ्या आहेत. वाटेत झाडांखाली उपदेशाच्या पाट्या लावल्या आहेत. त्या वाचायला माणूस थांबतो आणि नकळत दमही घेतो.

माझी चूक

निघण्यापूर्वी मी आईचा कार्डिओग्राम काढला, साखर तपासली, गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे पाहिली. "झेपेल," असे सांगितले. ५०० पायऱ्या म्हणजे किती, हे मात्र तिला सांगितले नाही. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. म्हणजे जवळजवळ पाच पर्वती, किंवा मजल्याला २० पायऱ्या धरल्या तर २५ मजले. शिवाय तेवढेच उतरणे.

दोनशेच्या आसपास आई एका बाकावर बसली. "माझं इथवरच. तू वर जाऊन ये," ती शांतपणे म्हणाली. मी आग्रह धरला. इतक्या दूर येऊन अर्ध्यावरून परतायचे? थोडे बस, मग हळूहळू जाऊ. माझ्या शब्दाखातर ती उठली आणि उठताच तिचा तोल गेला. माझ्या पत्नीने मागून सावरले म्हणून बरे. नाहीतर खाली दगडी पायऱ्या होत्या.

तिला तिथेच आडवे करून पाय उंच केले. नाडी जलद होती, जीभ कोरडी. मी विचारले, "सकाळपासून पाणी किती प्यालीस?" ती ओशाळून म्हणाली, "दोन घोट. अरे, वाटेत कुठं जायचं म्हटलं तर पंचाईत." रक्तदाबासाठी तिला लघवी वाढवणारे औषध चालू होते आणि ती गोळी सकाळी मीच हातावर ठेवली होती. कोरडे पडलेले शरीर, गोळीचा परिणाम, चढ आणि झटकन उठणे. चार गोष्टी एकत्र आल्या. रुग्णाला रोज विचारतो तो साधा प्रश्न मी आईला विचारला नव्हता.

मीठ-साखरेचे पाणी घोटघोट दिल्यावर अर्ध्या तासात तिला हुशारी आली. मग ती म्हणाली, "वर जायचं होतं ते तुला. मला नुसतं बघायचं होतं. ते तर इथूनही दिसतंय." समोर झाडांच्या फटींतून कडा दिसत होता, वरून घंटेचा आवाज येत होता आणि पाट्यांवरील पाने एक वृद्ध भिक्खू खराट्याने झाडत होते. मला उत्तर सुचले नाही.

निघण्यापूर्वी

आपणही अशा स्थळी जाणार असाल, मग ते थायलंडमध्ये असो वा आपल्या सह्याद्रीत, तर पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

पायऱ्यांची संख्या आधी विचारा आणि ती आपल्या जिन्याच्या मजल्यांत मोजा. सहा ते आठ आठवडे आधीपासून रोज थोडे जिने चढण्या-उतरण्याचा सराव करा. हृदयविकार, दमा किंवा अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया असेल, तर त्याआधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, एवढे मात्र अवश्य विचारून घ्या. सर्व औषधे आणि त्यांची चिठ्ठी विमानात हातातल्या पिशवीत ठेवा.

ऋतूही पाहा. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तर थायलंडमध्ये सुखद असतो. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शेतातील व रानातील आगींचा धूर दाटतो. दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी तो काळ टाळावा.

पायऱ्यांवर

चालताना सलग एक वाक्य बोलता येते का, हे पाहत राहा. बोलताना धाप लागली की थांबायचे. चढताना बरा पाय आधी टाका, उतरताना दुखरा पाय आधी; काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. चढण्यात दम लागतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरण्यात असते. त्या वेळी गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहूनही अधिक भार येऊ शकतो. म्हणून वर पोहोचेपर्यंत निम्मीच शक्ती खर्च करावी.

तहान लागण्याची वाट पाहू नका. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. मात्र हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर ते प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. बसल्यावर उठण्यापूर्वी पावले दहा-बारा वेळा वरखाली हलवा, क्षणभर कडेला टेका, मगच उभे राहा. मधुमेहींनी खिशात साखर ठेवावी. घाम, थरथर, भोवळ जाणवली, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच घ्यावी.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम ही लक्षणे दिसली तर तिथेच बसा. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी केवळ दम लागणे किंवा विलक्षण थकवा एवढेच लक्षण असते. थायलंडमध्ये वैद्यकीय मदतीसाठी १६६९ हा क्रमांक आहे.

गुहेत आणि विहारात

उजेडातून अंधारात गेल्यावर उतारवयात डोळ्यांना सरावायला अधिक वेळ लागतो. प्रवेशद्वाराशी काही मिनिटे थांबा, विजेरी जवळ ठेवा. विहारात पादत्राणे काढावी लागतात. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी मोजे घालावेत आणि रात्री तळवे आरशात पाहावेत. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसणे तेथे अनादराचे मानतात. गुडघे दुमडत नसतील, तर कडेच्या बाकावर बसून नमस्कार करावा. खांदे आणि गुडघे झाकणारी वस्त्रे घालावीत. त्यामुळे डासांपासूनही रक्षण होते. कुत्रा किंवा माकड चावले अथवा ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आता आपल्याशी, म्हणजे मुले, सुना, जावई यांच्याशी थोडे बोलायचे आहे. पाण्याविषयी विचारताना 'प्यालात का?' असे विचारू नका, 'किती प्यालात?' असे विचारा. स्वच्छतागृह कोठे आहे हे त्यांनी विचारण्याआधी आपण शोधून ठेवा. अनेक आजी केवळ त्या संकोचापायी दिवसभर तहानलेल्या राहतात. आणि त्या 'पुरे' म्हणाल्या की पुरे. त्यांचा मान राखण्यासाठी म्हणून आपण जो आग्रह करतो, त्यात अनेकदा आपलीच हौस असते.

त्या दिवशी मी वर गेलो नाही. आम्ही तिघेही त्या बाकावर तासभर बसलो. उतरताना आई दर दहा पायऱ्यांनी थांबत होती आणि प्रत्येक थांब्यावर वडिलांची एकेक आठवण सांगत होती. वडील तिला लेण्यांच्या पायऱ्यांवर असेच थांबत थांबत नेत, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

आता कोणी "झेपेल ना?" असे विचारले, की मी तपासणी करतो, औषधे पाहतो आणि सांगतो : झेपेल, पण कुठवर ते पायरीवर ठरवा, आणि ते तुम्हीच ठरवा.