सीएच्या कार्यालयातून माहिती फुटली, तर दाद कोठे मागावी?

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा वा उमरखेड येथील बाजारपेठेत जिनिंगचा मालक, अडत्या, कृषी केंद्र चालविणारा आणि कोळसा वाहतुकीचा कंत्राटदार यांचे व्यवहार वेगवेगळे असले, तरी त्यांची कागदपत्रे बहुधा एकाच ठिकाणी, म्हणजे सनदी लेखापालाच्या कार्यालयात असतात. पॅन, आधार, बँक खात्याचे उतारे, प्राप्तिकर आणि जीएसटीच्या संकेतस्थळांचे पासवर्ड एवढेच नव्हे, तर डिजिटल स्वाक्षरीची चावीही अनेक जण सोयीसाठी तेथेच ठेवतात. त्या कार्यालयाच्या संगणकात कोणी शिरकाव केला किंवा तेथील कर्मचाऱ्यानेच माहिती बाहेर दिली, तर एकाच वेळी शेकडो ग्राहक अडचणीत येतात. अशा वेळी कायदा ग्राहकाला कोणते मार्ग देतो, याची माहिती फार थोड्यांना असते.

धोका काल्पनिक नाही. केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी यंत्रणांनी १६ मे ते १५ जुलै २०२३ या काळात बनावट नोंदण्यांविरुद्ध मोहीम राबविली. त्यात २१,७९१ नोंदण्या अस्तित्वात नसलेल्या व्यवसायांच्या आढळल्या आणि सुमारे २४ हजार कोटी रुपयांची संशयित करचोरी उघड झाली. अशा नोंदण्यांसाठी दुसऱ्याच्याच पॅन व आधारची कागदपत्रे वापरली जातात. ज्याच्या नावावर व्यवसाय उभा केला जातो, त्याला पहिली खबर मिळते ती करखात्याच्या नोटिसीनेच.

पहिले काही तास

माहिती फुटल्याचे कळताच न्यायालयीन लढाईचा विचार करण्यापूर्वी नुकसान थांबविणे महत्त्वाचे. खात्यातून पैसे गेले असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळविली जाण्यापूर्वी ती गोठविण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. बँकेलाही लगेच लेखी कळवावे. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच कोणाचा असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर भार पडू नये, हे तत्त्व रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. विलंब झाल्यास हा बचाव दुबळा होतो.

डिजिटल स्वाक्षरीबाबत तर अधिकच दक्षता हवी. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ नुसार स्वाक्षरीच्या चावीवर ताबा ठेवण्याची जबाबदारी स्वाक्षरीधारकाचीच आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवावे लागते आणि तसे कळवीपर्यंतचे उत्तरदायित्व धारकावरच राहते. चावी लेखापालाच्या कपाटात होती, हे उत्तर पुरेसे ठरत नाही.

यानंतर सर्व पासवर्ड बदलणे, आधारची बायोमेट्रिक माहिती कुलूपबंद करणे, प्राप्तिकर खात्याचे वार्षिक माहिती विवरण तपासणे आणि पतमाहिती कंपन्यांकडून अहवाल मागविणे, ही कामे उरकावीत. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपल्या नावावर भलतेच कर्ज उचलले गेले असल्यास ते त्यात दिसते.

भरपाईचा मुख्य मार्ग

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलेले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालेले कलम ४३ अ हे या विषयातील प्रमुख हत्यार आहे. संवेदनशील वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्या संस्थेने सुरक्षेबाबत हलगर्जीपणा केला आणि त्यामुळे कोणाचे गैरवाजवी नुकसान झाले, तर तिने भरपाई द्यावी, असे हे कलम सांगते. येथे ‘संस्था’ म्हणजे केवळ मोठी कंपनी नव्हे. भागीदारी पेढी आणि एकल मालकीचे व्यावसायिक कार्यालयही तिच्यात मोडते. म्हणजे दोन खोल्यांत चालणारे सीएचे कार्यालयही या कलमाच्या कक्षेत येते. २०११ च्या नियमांनुसार पासवर्ड आणि बँक खात्यासारखी आर्थिक माहिती संवेदनशील मानली जाते.

मात्र दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: हलगर्जीपणा आणि प्रत्यक्ष नुकसान. नुसती माहिती फुटली, पण त्यातून काहीच घडले नाही, तर या कलमाखाली हाती काही लागणे कठीण.

पाच कोटी रुपयांपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. कायद्याने त्यांना न्यायनिर्णय अधिकारी नेमले आहे. त्याहून मोठा दावा दिवाणी न्यायालयात दाखल करावा लागतो. सचिवांच्या निर्णयावर ४५ दिवसांत दूरसंचार विवाद निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे आणि तेथून उच्च न्यायालयात जाता येते. हा मार्ग कागदावरचा नाही. पुण्यातील एका कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये परस्पर वळविले गेले, तेव्हा महाराष्ट्राच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्यांनी २०१३ मध्ये बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. तक्रारदाराने स्वतः फसव्या ई-मेलला उत्तर दिले होते, म्हणून नुकसानीचा काही भार त्याच्यावरही ठेवला गेला. लेखापेढीविरुद्धच्या दाव्यातही हाच प्रश्न उपस्थित होईल: ग्राहकाने स्वतः किती काळजी घेतली होती?

नवा कायदा काय देतो?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती फुटल्यास संबंधित ग्राहकांना विनाविलंब कळविणे आणि ७२ तासांत माहिती संरक्षण मंडळाला तपशील देणे त्यात बंधनकारक केले आहे. सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु या मुख्य तरतुदींसाठी अधिसूचनेपासून १८ महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. म्हणजे त्यांचा अंमल मे २०२७ पासून.

येथे ग्राहकाने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हा दंड सरकारी तिजोरीत जातो, पीडिताच्या हाती नाही. शिवाय त्याच सुमारास कलम ४३ अ रद्द होणार आहे. शिक्षा जबर, पण भरपाईची सोपी वाट बंद, असा हा बदल आहे. त्यापूर्वी नुकसान झालेल्याने म्हणूनच दावा रेंगाळत ठेवू नये.

यवतमाळातच दाद मागायची असेल तर

मुंबईच्या खेपा सर्वांना परवडत नाहीत. अशांसाठी यवतमाळचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हा जवळचा पर्याय आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथेच तक्रार करता येते. लेखापालाचे कार्यालय नागपूर वा अमरावतीत असले, तरी दिग्रसचा ग्राहक यवतमाळात दाद मागू शकतो. विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्याला उघड करणे, ही या कायद्याच्या व्याख्येतच अनुचित व्यापारी प्रथा आहे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. मुदत दोन वर्षांची. मानसिक त्रासाचाही विचार होऊ शकतो.

अडचणीही आहेत. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यात बसत नाही. समजा, दारव्ह्यातील एक जण एकट्याने कृषी केंद्र चालवितो आणि त्यावरच पोट भरतो. स्वयंरोजगारातून उपजीविका, या अपवादाचा आधार तो घेऊ शकेल. मोठ्या जिनिंग कंपनीला तो मिळणे अवघड. वकिलांची सेवा या कायद्याबाहेर आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. तो वकिलांपुरता आहे, तरी लेखापालाच्या वतीने तसाच युक्तिवाद होऊ शकतो, याची तयारी तक्रारदाराने ठेवावी.

फौजदारी आणि शिस्तभंगाची कारवाई

संगणकात घुसखोरी झाली असेल तर कलम ६६, दुसऱ्याची ओळख वा डिजिटल स्वाक्षरी वापरली असेल तर ६६ क, आणि सेवेच्या कराराखाली मिळालेली माहिती मुद्दाम बाहेर दिली असेल तर ७२ अ, या कलमांखाली गुन्हा नोंदविता येतो. तक्रार जिल्हा पोलीस दलाच्या सायबर विभागाकडे वा जवळच्या ठाण्यात द्यावी. ठाण्यात दखल न घेतल्यास पोलीस अधीक्षकांकडे आणि नंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार ग्राहकाची माहिती त्याच्या संमतीविना उघड करणे आणि कामात घोर हलगर्जीपणा करणे, ही दोन्ही व्यावसायिक गैरवर्तणूक आहे. त्याची तक्रार भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या शिस्तविषयक संचालकांकडे विहित नमुन्यात करता येते. दोष सिद्ध झाल्यास लेखापालाचे नाव नोंदवहीतून काढलेही जाऊ शकते. या मार्गाने भरपाई मिळत नाही. तसेच विवरणपत्रे भरून देणारे अनेक करसल्लागार सनदी लेखापाल नसतात. त्यांच्यावर या संस्थेचा अधिकार चालत नाही.

पुरावा हातचा जाऊ नये

एकाच नुकसानीची भरपाई दोन ठिकाणांहून घेता येत नाही. पोलीस तक्रार आणि शिस्तभंगाची तक्रार मात्र भरपाईच्या दाव्यासोबत चालू शकते. कोणताही मार्ग निवडला, तरी आरंभ लेखी नोटिसीने करावा. काय फुटले, केव्हा कळले, कोणाला कळविले आणि ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला माहिती दिली का, हे पेढीला विचारावे. ‘सर्ट-इन’च्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आवश्यक आहे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. त्या मुदतीत नोंदी राखून ठेवण्याची लेखी मागणी केली नाही, तर हलगर्जीपणाचा महत्त्वाचा पुरावा पुसला जाऊ शकतो.

शुल्काच्या पावत्या, कामाचे नेमणूकपत्र, ई-मेल, एसएमएस आणि बँकेचे उतारे तारीखवार लावून ठेवावेत. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, हे वकिलाकडून आधीच समजून घ्यावे. आणि ज्यांच्यावर अद्याप ही वेळ आलेली नाही, त्यांनी आपली डिजिटल स्वाक्षरीची चावी सीएच्या कपाटातून घरी आणावी, हे उत्तम.