लेखांक ७ : शनिवार कुणाचा?

यरुशलेमच्या बैठकीचा निकाल आपण मागच्या आठवड्यात पाहिला. ही बैठक साधारण इ.स. ४९ च्या आसपासची. परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंता लादू नये, असं पेत्र बोलला, बर्णबा आणि पौलाने आपले अनुभव सांगितले आणि याकोबाने निवाडा दिला. मग अंत्युखियाला जे पत्र गेलं त्यात फक्त चार गोष्टी वर्ज्य ठरवल्या: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. या यादीत शब्बाथ नाही. पाळा, असंही नाही आणि सोडा, असंही नाही. पत्रातल्या या न लिहिलेल्या ओळीवरून मंडळ्या आजतागायत भांडत आहेत.

या मौनाचा अर्थ जो तो आपल्या सोयीने लावतो. एक पक्ष म्हणतो, सुंता गेली तिथे शब्बाथ कसला राहतोय! दुसरा म्हणतो, शब्बाथ इतका गृहीत होता की वेगळा लिहायची गरजच पडली नाही. मला दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. याकोबाच्या भाषणाचा शेवट (कृत्ये १५:२१) दोन्ही पक्ष भरभर वाचून पुढे जातात. नगरोनगरीच्या सभास्थानांत दर शब्बाथी मोशेचं वाचन होतच असतं, अशी आठवण तो तिथे करून देतो. म्हणजे शनिवारी सकाळी परराष्ट्रीय विश्वासी कुठे बसलेला असेल, हे याकोबाला ठाऊक होतं.

आणि तो खरंच तिथे बसलेला असे. पिसिदियातल्या अंत्युखियाचा प्रसंग (कृत्ये १३) पाहा. सभास्थानात पौल बोलायला उभा राहतो तेव्हा इस्राएल लोकांबरोबर देवाचं भय बाळगणाऱ्यांनाही वेगळी हाक मारतो. भाषण आवडतं, पुढच्या शब्बाथी पुन्हा हेच सांगा अशी विनंती होते आणि आठवड्याने जवळजवळ सगळं शहर लोटतं. सातव्या दिवसाचे ॲडव्हेंटिस्ट इथे हमखास विचारतात की, परराष्ट्रीयांसाठी रविवार ठरलेला असता, तर पौलाने त्यांना आठवडाभर थांबवलं कशाला? उद्याच या, असं नसतं का सांगितलं? प्रश्न रास्त आहे. पण ती मंडळी पौलाच्या आधीपासून सभास्थानात येत होती. शनिवार पौलाने नेमून दिला नव्हता, तो त्यांना तिथे आयताच सापडला.

हे 'देवभीरू' लोक फक्त लूकच्या पानांवरच भेटतात, अशी शंका एके काळी घेतली जाई. १९७६ साली आजच्या तुर्कस्तानातल्या आफ्रोडिसियासला एक संगमरवरी स्तंभ सापडला आणि ती शंका बरीचशी निवली. स्तंभावर ग्रीकमध्ये नावांच्या याद्या कोरल्या आहेत. एका बाजूला वर यहुदी नावं, मग मोकळी जागा आणि खाली वेगळं शीर्षक देऊन देवभीरूंची नावं. त्यांतले पहिले नऊ जण चक्क नगरसभेचे सदस्य. पुढे काहींच्या नावांसोबत त्यांचा धंदाही लिहिला आहे. नावं ग्रीक वळणाची, माणसं प्रतिष्ठित, सभास्थानाशी उघड संबंध, पण यहुदी झालेली नाहीत. शिलालेख उशिराचा आहे. त्याचा काळ तिसऱ्या ते पाचव्या शतकापर्यंत वेगवेगळा सांगितला जातो. तरी अशी माणसं होती, एवढं त्यावरून नक्की होतं.

पहिल्या शतकाच्या शेवटी योसेफसने तर मिरवूनच लिहिलं आहे की ग्रीकांचं असो वा इतरांचं, सातव्या दिवसाच्या विसाव्याची आमची रीत पोहोचली नाही असं एकही शहर उरलेलं नाही. अतिशयोक्ती वजा केली तरी पुष्कळ शिल्लक राहतं. रोमन कवी जुव्हेनल याच लोकांची टर उडवतो. बाप शनिवार पाळायला लागतो आणि त्याचं पोरगं पुढे जाऊन सुंताच करून घेतं, असं त्याचं म्हणणं. टवाळीच ती, पण तिच्यात एक निरीक्षण आहे. शब्बाथ हा उंबरठा होता. काही जण तिथेच थांबत, काही आत जात.

मग यहुद्यांना हे कसं वाटत असेल? आपल्याकडच्या प्रवचनांत हा प्रश्न सहसा निघत नाही. निर्गम ३१ मध्ये शब्बाथाला देव आणि इस्राएल यांच्यातली कायमची खूण म्हटलं आहे. खूण ज्याची त्याला. तिसऱ्या शतकातला रब्बी रेश लाकीश तर एवढ्या टोकाला गेला की, शब्बाथ पाळणारा परराष्ट्रीय मरणास पात्र आहे, असं त्याचं मत तालमुदात नोंदलेलं आहे. बाराव्या शतकात मैमोनिडीसने हा मुद्दा आपल्या संहितेत घेतला आणि कारणही दिलं: परक्यांनी आपल्या मनाने नवे धर्म काढू नयेत. नियमशास्त्र हवं तर पुरतं यहुदी व्हा, नाहीतर नोहाच्या वंशाला दिलेल्या सात आज्ञा पाळा. त्या सातांत शब्बाथ नाही. प्रत्यक्षात अशी शिक्षा कुणी दिली नाही, मर्यादा किती गंभीर मानली जाते एवढंच त्या शब्दांतून कळतं. आजही यहुदी धर्मात येऊ पाहणारा माणूस दीक्षा पूर्ण होईपर्यंत शनिवारी मुद्दाम एखादा नियम मोडतो, एखादं दिव्याचं बटण दाबतो. कारण दिवस अजून त्याचा झालेला नसतो.

त्याच शास्त्रात यशया ५६ देखील आहे. परमेश्वराला येऊन मिळालेले परदेशी शब्बाथ पाळतील, तर त्यांना पवित्र डोंगरावर आणलं जाईल आणि त्यांचे यज्ञ स्वीकारले जातील, असं संदेष्टा तिथे सांगतो. एकाच परंपरेत कुंपण आहे आणि फाटकही. फक्त फाटक दाखवून प्रवचन देणाऱ्याने कुंपणाचाही उल्लेख करावा, एवढीच अपेक्षा.

आता पौल. त्याची तीन वचनं या वादात सारखी भिरकावली जातात. गलतीकरांना तो रागाने विचारतो की, दिवस, महिने, ऋतू कसले पाळत बसला आहात? रोमकरांना शांतपणे सांगतो की, एक जण एखादा दिवस विशेष मानतो, दुसऱ्याला सगळे सारखे. ज्याने त्याने आपल्या मनाची पक्की खात्री करावी. आणि कलस्सैकरांना बजावतो की खाणंपिणं, सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कुणाला तुमचा न्याय करू देऊ नका. माणूस एकच, सूर वेगळे, कारण समोरची माणसं वेगळी. गलतीत दिवस पाळणं ही तारणाची अट होऊ लागली होती, म्हणून तो भडकला. रोममध्ये यहुदी आणि परराष्ट्रीय एकाच पंगतीला बसत होते, म्हणून तो सांभाळून घेतो.

कलस्सैचं वचन शनिवार मोडीत काढायला वापरतात. पण पौल तिथे ज्याला अडवतो आहे तो न्याय करणारा आहे. न पाळणाऱ्याला पाळणाऱ्याने नावं ठेवू नयेत आणि हाच न्याय उलटही लागतो. शनिवारी दुकान बंद ठेवणाऱ्या विश्वासी कुटुंबाला 'नियमशास्त्रवाले' म्हणून हिणवणारे पाळक हे वचन अर्धंच वाचतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग रविवार आला कुठून? शब्बाथ शनिवारचा उचलून रविवारी ठेवला, असं आपल्याला संडे स्कूलमध्ये शिकवलेलं असतं. सुरुवातीच्या मंडळीला हे वाक्य चमत्कारिक वाटलं असतं. त्यांचा रविवार सुट्टीचा नव्हताच. इ.स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा अधिकारी धाकटा प्लिनी बादशहा त्रायानला कळवतो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट फुटण्याआधी जमतात, ख्रिस्ताला स्तोत्र म्हणतात, पांगतात आणि जेवायला पुन्हा एकत्र येतात. पहाटेच का? प्लिनी कारण देत नाही, पण मधल्या वेळात ही माणसं कामावर असणार, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. त्यांच्यात गुलाम होते. चौकशीसाठी प्लिनीने ज्यांचा छळ केला त्या मंडळीतल्या दोन सेविकाही दासीच होत्या. धनी विदेशी असला तर अशा दासीने शनिवारी काम थांबवायचं कसं? विसावा पाळा म्हणून तिला पत्र धाडलं असतं, तर तिने त्याचं काय केलं असतं? यरुशलेमच्या पत्रातलं मौन मला तरी इथे थोडं उलगडतं.

रविवारला विसावा चिकटला तो सरकारी हुकुमाने. ७ मार्च ३२१ रोजी कॉन्स्टंटाईनने न्यायाधीश, शहरवासी आणि कारागीर यांना सूर्याच्या दिवशी काम थांबवायला सांगितलं. शेतकऱ्याला मात्र सूट दिली, कारण पेरणीचा वाफसा वाराची वाट पाहत नाही. चौथ्या शतकातच लावदिकीयाच्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांनी शब्बाथी काम बंद ठेवू नये, असा नियम केला. नियम करावा लागला, म्हणजे लोक पाळत होते. दंडाची पाटी जिथे थुंकतात तिथेच लागते. इथियोपियाने तर दोन्ही दिवस ठेवले. तिथे शनिवारवरून भिक्षूंमध्ये मोठी फूट पडली होती. १४५० च्या सुमारास राजा झारा याकोबने देब्रे मित्माकला सभा भरवून शनिवारही मान्य करून टाकला.

रविवारलाच शब्बाथ म्हणायची सवय आपल्याकडे आणली ती प्युरिटन वळणाच्या मिशनऱ्यांनी. मराठी मुलखाला मात्र शनिवारचा विसावा त्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीचा होता. कोकणातले बेने इस्राएल घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांचं नाव 'शनवार तेली' ठेवलं. महादेवाच्या वारी घाणा न जुंपणारे ते 'सोमवार तेली'. गावाने दोघांच्याही देवाची चौकशी केली नाही, तेल कोणत्या दिवशी मिळणार नाही तेवढं लक्षात ठेवलं. शब्बाथ ही खूण आहे, हे निर्गमातलं म्हणणं रायगडच्या बाजारात इतक्या सरळपणे खरं ठरलं होतं. परराष्ट्रीयांतून आलेल्यांचा शनिवार पाहायचा तर पुण्यात औंध रस्त्यावरच्या स्पायसरच्या आवारात शुक्रवारी दिवेलागणीनंतर जावं. ॲडव्हेंटिस्टांची ही जुनी शिक्षणसंस्था आहे आणि तिथला आठवडा तेव्हाच थांबतो.

आता 'पाळावा का, आणि कसा' हा वाचकांचा प्रश्न. बंधन आहे, असं मला वचनांत दिसत नाही. मनाई आहे, असंही दिसत नाही. पाळायचा असेल तर पाहुण्यासारखा पाळावा. हल्ली काही विश्वासी घरांत शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावून यहुदी आशीर्वचन जसंच्या तसं म्हणायची टूम निघाली आहे. त्या आशीर्वचनात देवाने आम्हांला दिवा लावायची आज्ञा केली, असा भाग येतो. ती आज्ञा तुम्हांला कुणी केली? दिवा लावा, स्तोत्र म्हणा, मराठीत प्रार्थना करा, पण दुसऱ्याच्या वंशावळीत आपलं नाव घुसवू नका. आणि शेजारच्या रविवारवाल्या विश्वासणाऱ्याला कमी लेखू नका, कारण तिथून गलती फार लांब नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट आज्ञेच्या मजकुरातच आहे. निर्गम २० मध्ये परका माणूस येतो तो कामातून मोकळा होणाऱ्यांच्या यादीत. तू, मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि तुझ्या वेशीच्या आतला उपरा. (या यादीत बायको नाही. 'तू' मध्ये ती आलीच, असं टीकाकार सांगतात. शनिवारचं जेवण कोण वाढत होतं ते ते सांगत नाहीत.) अनुवाद ५ मध्ये तर कारणच दिलं आहे: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा, कारण मिसरात तूही दास होतास. म्हणजे परक्यासाठी शब्बाथ आधी हक्क आहे, कर्तव्याचं नंतर पाहू. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे झगडले, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार, असंही कारण त्या मागणीला जोडलं गेल्याचं सांगतात. १० जून १८९० पासून ती सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक, सभास्थानाशी त्यांचा काही संबंध नाही. तरी अनुवादाचा तो अध्याय मी वाचतो तेव्हा मला गिरणगाव आठवतं.

म्हणून शब्बाथ पाळू लागलेल्या घराला मी एकच गोष्ट विचारतो: धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींची सुट्टी कोणत्या वारी असते, आणि त्या दिवसाचे पैसे कापता का? उत्तर ऐकल्यावर शनिवार की रविवार हा वाद घालायला माझी हरकत नसते.

पुढच्या आठवड्यात याकोबाच्या यादीतली तिसरी बाब घेऊ: गळा दाबून मारलेलं. शब्बाथातून सुटलेले आपण तिथे थेट मटणाच्या दुकानात सापडणार आहोत.